दोन तारा माझ्या कवेत

मी चिमटा मीटर बोलतोय. नाव ऐकून हसू नका. माझा जबडा तारेभोवती मिटला, की तार न कापता, न सोलता मी सांगतो, आत वीज किती वाहतेय. वाहत्या विजेभोवती चुंबकाचा वेढा पडतो आणि त्या पुऱ्या वेढ्यावरून आतली वीज कळते. हा अँपिअरचा नियम, माझी भाकरी त्यावरच.

प्रिलेप गावच्या स्पासे वायरमनने मला नवाकोरा घेतला आणि लेकरासारखं जपलं. वायरमन लोकांच्या धंद्यात एक रीत होती. जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा कुणी एकदम माझ्यात धरल्या, की एकीचं दुसरीत फिटतं आणि मी शून्य दाखवतो. मग त्या बावळटाने सगळ्यांना राकीया, म्हणजे तिकडची फळांची दारू, पाजायची!

एका शरदात स्पासेची बायको दाफिना म्हणू लागली, न्हाणीतला नळ हात लावला की चावतो. शनिवारी त्यांची तान्ही नात न्हायला यायची होती. स्पासेने चालू बॉयलरची एक तार माझ्यात धरली. आकडा नेहमीचाच आला. तो म्हणाला, भाजलेल्या मिरच्या सोलून तुझीच बोटं झोंबताहेत.

दाफिना अशी भडकली, की तिने मला हिसकावून दोन्ही तारांभोवती मिटवलं.

"झालं! आता राकीया तुझ्याकडून," तो खदखदला.

"आधी आकडा बघ, मग दात काढ."

मी शून्यावर नव्हतो. आकडा छोटा होता, पण होता. गेलेली सगळी वीज परतत नव्हती; उरलेली पाण्यातून, नळातून वाट काढत होती. स्पासेचा चेहरा पडला. त्याने मेन स्विच बंद केला आणि तिथेच खाली बसला.

"बाळीला याच पाण्यात बसवणार होतो गं आपण."

दाफिनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बॉयलर नवा आला. राकीया स्पासेनेच आणली आणि पहिला पेला तिच्यापुढे ठेवला. मला त्या दिवशी दोघांचाही फार लळा लागला.

आता स्पासेच्या पिशवीत दुसरा मीटर आहे. मी न्हाणीबाहेर खिळ्याला, सुक्या मिरच्यांच्या माळेशेजारी लटकतो. जबडा मिटवणारी माझी स्प्रिंग सैल झालीय. दर शनिवारी दाफिना मला दोन्ही तारांवर चढवते, जबडा बोटांनी घट्ट मिटवते आणि माझ्याकडे बघत राहते. शून्य दिसलं, की मगच नातीला हाक मारते.

बाई गं, तेवढा जबडा नीट मिटवत जा. उघड्या तोंडाने दाखवलेलं माझं शून्य कधी खरं मानू नकोस.