साऱ्या नदीला ऐकू गेलेली हाक

"अडसर तुटला!" नदीच्या वरच्या अंगाला ओंडके अडवणाऱ्या साखळीवरचा राखणदार फेदोस टेलिफोनवर एवढ्या जोरात ओरडला की पोद्गोर्येच्या रेडिओ ठाण्यातल्या कापितोलीना येगोरोव्नाने रिसीव्हर कानापासून लांब धरला. "सगळे ओंडके सुटले, येगोरोव्ना! आठवडाभर पाऊस कोसळतोय, साखळीला ताण सोसला नाही. फाटकन तुटली! आख्खी नदी लाकडानं भरून खाली निघालीय!"

"किती वेळ झाला?"

"अगं, आत्ताच! मी फोनपाशी धावत येईतो पुढचे वळणाआड गेलेसुद्धा. बोट कुठाय?"

तिने रिसीव्हर ठेवून दिला आणि खिडकीबाहेर पाहिले. पोद्गोर्ये गावाखालची शेल्मा नदी अजून मोकळी होती, पावसाने गढूळ, फुगलेली. आज रविवार. बोट खालच्या गावांमधून शाळकरी पोरे गोळा करत वर येत असणार. सोमवारी शाळा, म्हणून रविवारी संध्याकाळी सगळी पोरे इथल्या वसतिगृहात परत यायची. तिने घाईघाईने कुझ्मिनोच्या धक्क्यावर फोन लावला.

"गेली की!" धक्क्यावरची बाई म्हणाली. "गच्च भरून गेली. पोरं, रानातल्या बेऱ्यांच्या बादल्या, बायाबापड्या. तायसियापण आहे तिच्यात. का गं?"

का ते सांगायला वेळ नव्हता. कुझ्मिनो आणि पोद्गोर्ये यांच्यामध्ये नदी दोन कड्यांच्या बेचक्यातून जाते. त्या जागेला सगळे 'दार' म्हणतात. दाराच्या अलीकडे, कुझ्मिनोच्या बाजूला, वाळूचा लांबलचक उतार आहे, तिथे बोट खुशाल काठावर चढवता येते. पण एकदा का दारात शिरली की डावीकडे दगड, उजवीकडे दगड. मागे वळायलाही जागा नाही. समोरून ओंडके आले तर त्या पत्र्याच्या बोटीचा चेंदामेंदा व्हायला किती वेळ लागणार?

तिने मायक्रोफोन ओढला. "झार्या-सात, झार्या-सात, मी झार्या. उत्तर द्या."

खरखर. मग एक वैतागलेला पुरुषी आवाज आला, पण बोटीवरून नव्हे. "झार्या, झार्या! माझा गवताचा तराफा कुठं अडकलाय? झार्या, कुणी ऐकतंय का नाही?"

हा हार्लांपी, सामुदायिक शेतीचा माणूस. आणि ही सगळी झार्यांची भानगड काय आहे ते सांगायलाच हवे. झार्या म्हणजे पहाट. फार वर्षांपूर्वी कुणा अध्यक्षाला हा शब्द आवडला आणि त्याने शेतीला तेच नाव दिले. मग सिनेमाच्या हॉलला दिले, दुकानाला दिले, शाळेतल्या भित्तिपत्रकाला दिले. पुढे कारखान्यातून प्रवासी बोटी आल्या, त्या येतानाच झार्या नाव घेऊन आल्या. कापितोलीनाला वीस वर्षांच्या नोकरीबद्दल मनगटी घड्याळ मिळाले, त्याच्या तबकडीवर झार्या. गोठ्यांत बघाल तर दर तिसरी गाय झोर्का, म्हणजे तीच लाडाने. नदीवरच्या रेडिओचे सांकेतिक नावही दुसरे कुणाला सुचले नाही. ठाणे झार्या, बोट झार्या-सात, शेती झार्या-शेत, आणि सगळ्यांना मिळून वाहिनी एकच. एवढ्या पहाटा एका गावात उगवल्या, पण उजेड काही जास्त पडला नाही.

"हार्लांपी, वाहिनी सोड!"

"सोडतो की, पण आधी तराफ्याचं सांगा. माझं गवत भिजतंय, येगोरोव्ना. गायींना काय तुमचं भाषण खायला घालू?"

"खड्ड्यात गेलं तुझं गवत! ओंडके सुटलेत, आणि पोरांची बोट खाली आहे. तोंड मीट. बटणाला बोटसुद्धा लावू नकोस."

मग एकदम खाली आलेल्या आवाजात, "बसतो गप्प. बोला तुम्ही."

ती बोलली. झार्या-सात, झार्या-सात. पुन्हा एकदा, सावकाश, नियमात सांगितल्याप्रमाणे प्रत्येक शब्द सुटा करून. पुन्हा खरखर.

बोटीवरचे यंत्र बिघडलेले नव्हते, हे तिला पक्के ठाऊक होते. शेल्मा नदीवरचा एकूण एक नावाडी करतो तेच बोटीच्या चालकाने, रोदिओनने, केले असणार. दिवसभर कानाशी झार्या-झार्या चालते, त्यातले नव्वद टक्के गवताचे, डिझेलचे आणि कुणाच्या हरवलेल्या गायीचे. म्हणून कुझ्मिनो सोडले की आवाजाची कळ पार खाली करायची, इंजिनाच्या घरघरीत माशीच्या गुणगुणण्याइतकी. नाव कानावर पडत राहते, पण ऐकू येत नाही. यासाठी दोनदा चौकशी झाली होती, दोन्ही वेळा सगळ्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कळ पुन्हा खाली.

खिडकीबाहेर पहिला ओंडका दिसला. एकटाच, सालीसकट, पाण्यात अर्धा बुडालेला. त्याच्यामागे तीन. त्यांच्यामागे वळणावरून आले ते मोजण्यासारखे राहिलेच नव्हते. एकमेकांवर चढत, आपटत, नदीचा पट झाकत सगळे तिच्या खिडकीखालून दाराच्या दिशेने निघाले. खोलीतल्या कपाटातली काचेची भांडी किणकिणायला लागली.

"झार्या-सात! उत्तर द्या! झार्या-सात!"

"बाई, ते नाही ऐकायचे," हार्लांपी न राहवून मधेच बोलला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "माझी धाकटी आहे हो बोटीत."

 बोटीवर आवाज कसा पोहोचतो हे कापितोलीनाइतके कुणाला माहीत असणार? तरुणपणी किती उन्हाळे तिने त्या चालकाच्या खोलीत स्टुलावर बसून काढले होते, हातात विणकाम घेऊन. रेडिओ बोंबलत असायचा, मेकॅनिक हाका मारायचा, प्रवासी भांडायचे, रोदिओन ढिम्म. पण तिने मागून हळूच नावाने हाक मारली की तो तोंडातला शब्द अर्धा टाकून वळायचा. ती त्याला रोद्या म्हणायची. दुसरे कुणी म्हणत नसे. साऱ्या नदीला तो साव्विच होता, बापाच्या नावाने, मान देऊन. तायसियाकडे राहायला गेल्यावरही तो साव्विचच राहिला. तायसिया घरात त्याला साव्विच म्हणते, हे दुकानातल्या बायकांनी मुद्दाम कापितोलीनाच्या कानावर घातले होते.

नवरा तिला सोडून गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. भांडणसुद्धा धड झाले नव्हते. एका वसंतात त्याने आपले बूट आणि बापाची कुऱ्हाड उचलली आणि तो नदीपलीकडे निघून गेला. त्यानंतर रोज, बर्फ वितळल्यापासून नदी गोठेपर्यंत, ती त्याच्याशी बोलत होती आणि एकदाही बोलली नव्हती. झार्या-सात, पाण्याची पातळी अमुक. झार्या, समजलं. सगळी नदी कान लावून बसायची, कधी तिचा आवाज चिरकतोय, कधी एखादा टोमणा निसटतोय. तिने कुणाला चघळायला एक शब्दही दिला नाही. गावात एवढीच काय ती तिची मिरास होती आणि तिला ती जिवापेक्षा प्यारी होती, हे इथे स्पष्टच सांगितलेले बरे.

शिवाय नियम होता. वाहिनीवर कुणाचे घरगुती नाव घ्यायचे नाही.

तिने बटण दाबले.

"रोद्या," ती म्हणाली. पहिली हाक पुटपुटल्यासारखीच झाली म्हणून तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. "रोद्या! अरे रोद्या, मी कापा बोलतेय. रोद्या, ऐक ना रे माझं!"

नदीवरच्या सगळ्या खोल्यांमध्ये, तराफ्यांवर, धक्क्यांवर, ओढबोटींवर ती हाक गेली. 

तिने बटण सोडले आणि वाट पाहिली. ओंडके खिडकीखालून चाललेच होते. आता त्यांचा आवाज गडगडाटासारखा एकसारखा येत होता. ती पुन्हा हाक मारणार, तोच यंत्र खरखरले.

"काय झालं गं कापा?"

'झार्या' नाही, 'ऐकतोय' नाही. बाजूच्या खोलीतून विचारावे तसे. बोलताना तिने एकही शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

"वरचा अडसर तुटलाय. ओंडके सुटलेत, सगळे. दाराच्या पलीकडे आहेस का अलीकडे?"

"तोंडाशीच आहे."

"शिरू नकोस. वाळूवर घाल. आत्ता."

पुढे रेडिओवर शब्द आला नाही. इंजिन जोरात घरघरल्याचा आवाज आला, कुणी तरी पोर किंचाळले आणि मग संपर्क तुटला. कापितोलीना मायक्रोफोन दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. हार्लांपी मधूनमधून "काय झालं? काही कळलं?" एवढेच विचारत होता, आणि पहिल्यांदाच ती त्याच्यावर ओरडली नाही. "थांब बाबा," ती म्हणायची. "थांब. मलाही नाही कळलेलं."

खिडकीखालची लाकडे विरळ होत संपली, नदी पुन्हा पाण्याची झाली, तेव्हा कुठे यंत्र बोलले. या वेळी मेकॅनिक होता, धापा टाकत. बोट अर्धी वाळूवर चढली आहे. शेपटाकडचा पत्रा ओंडक्यांनी चेपला, सुकाणू गेले. पोरे सगळी काठावर उभी आहेत, मोजून घेतली, एकही कमी नाही. एका म्हातारीच्या बादलीतल्या बेऱ्या तेवढ्या सांडल्या, तिची कुरकुर चालू आहे. आता रानवाटेने चालत निघतो.

"साव्विच?" तिने विचारले. जीभ पुन्हा सवयीच्या ठिकाणी आली होती.

"बसलेत वाळूवर. बोलत नाहीत काही. लागलंबिगलं नाही."

हार्लांपी वाहिनीवर धाय मोकलून रडला, साऱ्या नदीने ते ऐकले आणि त्याला कुणी गप्प बस म्हटले नाही.

त्यानंतर लगेच जिल्ह्याच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला. बोटीची चौकशी झाली, पोरांची झाली, आणि मग साहेबांनी घसा साफ केला. "ते वाहिनीवर घरगुती नावं कोण घेत होतं?"

"मी."

"नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. काय ती समज द्यायची ती द्या."

"बघू," साहेब म्हणाले. मग आवाज उतरवून ते बोलले, "लोकं फार बोलतील हो, येगोरोव्ना."

लोकांनी सकाळपर्यंत दम धरला हेच पुष्कळ. ती पावासाठी दुकानात गेली तेव्हा रांगेतल्या बायकांनी एकमेकींना ढोसले, आणि मग नको तितक्या गोड आवाजात एकेकीची सुरुवात झाली.

"ये गं कापा, ये. रोद्या बरा आहे ना?"

"अगं, असं काय विचारतेस? आपल्याला कुठं मारता येते तशी हाक. आमचे हे काल रात्री म्हणाले, मलाही तशी मार एकदा. मी म्हटलं, आधी बुडायला तर लागा!"

दुकान हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. रात्री सगळी पोरे सुखरूप निजली होती, म्हणूनच त्यांना हसू सुचत होते. कापितोलीना पुढच्या बाईच्या रुमालाकडे बघत उभी राहिली. इतक्या वर्षांची राखलेली गोष्ट एका दमात गेली होती, आणि गेली याचे तिला दुःख झाले. पोरे वाचली म्हणून ते कमी झाले नाही. दोन्ही एकाच वेळी खरे होते.

दार उघडले आणि तायसिया आत आली. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले बूट, रात्रभर न झोपलेले डोळे. आता काय होते म्हणून बायका भिंतीला सरकल्या. मापे टाकणारी बाईसुद्धा हातातले वजन तसेच धरून राहिली.

तायसिया थेट कापितोलीनापुढे आली आणि वाकली. नुसती मान तुकवली नाही. जुन्या रीतीने लेकी मृत्युशय्येवरच्या आईपुढे वाकतात तशी कमरेतून वाकली, उजव्या हाताची बोटे दुकानाच्या फरशीला टेकवली आणि हळूहळू सरळ झाली.

"मी बोटीत होते, येगोरोव्ना," ती म्हणाली. "तुमच्यामुळं आहे."

"असू दे गं. असू दे."

"रात्री घरी आले ते. चुलीशी बसले ते बसलेच. पुढ्यात वाढलं, शिवले नाहीत. मी साव्विच म्हणून हाक मारली, ओ दिली नाही."  तिने ओठ दाताखाली दाबला. "मी तुम्हाला रागानं नाही म्हणत. पोरांचे, माझे, सगळ्यांचे जीव राखलेत. जन्मभर तुमचे पाय धरीन. पण एकदा मारलीत ती हाक, बास झालं हो. पुन्हा मारू नका."

दुकानात कुणी हसले नाही.

कापितोलीनाने तिच्याकडे पाहिले. इतकी वर्षे या बाईकडे तिने धड पाहिलेही नव्हते. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते तिचे.

"नाही गं," ती म्हणाली. "आता कशाला मारते? तू घरी जा. त्यांना आंबट दुधातली लापशी कर, ती खातील. फार गरम नको."

तायसियाने मान डोलावली, डोळे पुसले आणि काही न घेताच निघून गेली.

रांगेतल्या बायकांनी कापितोलीनाला पुढे सरकवले. तिने एक पाव घेतला. आणखी काय न्यायचे होते ते तिला आठवेना, म्हणून तेवढाच काखेत धरून ती बाहेर पडली. पावसाने रस्ता खचला होता. चालायला मधोमध टाकलेली एकाच माणसापुरती लाकडी फळी होती. समोरून कुझ्मिनोकडच्या दोन बाया येत होत्या, काल बोटीत असलेल्या पोरांच्या आया. तिला पाहताच त्या फळीवरून खाली चिखलात उतरल्या आणि ती पुढे जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.