लस टोचल्यानंतरचा अबोला

इंजेक्शन देऊन झालं की नर्स माणसाला अर्धा तास समोरच्या खुर्चीत बसवायची आणि गप्पा सुरू करायची. गुडघे काय म्हणतात, जावई बरा निघाला का, शेजारीण अजून भांडते का. लोकांना वाटायचं, बाई भलतीच बोलघेवडी. खरं म्हणजे तिचा कान आवाजाकडे असायचा. क्वचित कुणाला लस सोसत नाही, घसा आतून सुजतो, आणि ते कधी कधी आवाजावरूनच आधी कळतं.

आज खुर्चीत तिचे सासरे होते, आणि सासरे तिच्याशी बोलत नव्हते. मोतीबिंदू झालेला असताना स्कूटर दामटायचे, म्हणून तिने किल्ली लपवली. तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता. फ्लूची लस घ्यायलासुद्धा मुलाने विनवण्या केल्या म्हणून आले होते.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

मान हलली.

"मानेनं नको, तोंडानं सांगा."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, तेव्हा तिला मफलरखाली लाल चट्टा दिसला. तिने त्यांचं मनगट धरलं. लोकर घासली असेल की अंगावर पित्त उठतंय? नाडी जलद लागत होती, पण ती रागानेही लागते. तिने तातडीच्या इंजेक्शनचा ट्रे जवळ ओढला आणि बाहेर बसलेल्या बाईला ओरडून सांगितलं, "डॉक्टरांना खाली बोलवा, लवकर!"

सुई तिनेच टोचली होती. नवऱ्याला काय तोंड दाखवणार? आणि नवऱ्याचं सोडा, हा हट्टी म्हातारा तिला स्वतःलाच हवा होता.

"घसा आवळतोय का? बाबा, पाया पडते तुमच्या, एक शब्द बोला. शिवी द्या हवी तर!"

ते तिच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. जिन्यावर डॉक्टरांची पावलं वाजली.

"किल्ली कुठंय माझी?" आवाज खणखणीत होता, घर डोक्यावर घेणारा.

"पुन्हा म्हणा."

"बहिरी झालीस? किल्ली! आणि वर हा मफलर. चावतो नुसता. तू विणलास म्हणून घालतो मी."

डॉक्टर धापा टाकत आत आले, तेव्हा पेशंट ताठ बसला होता आणि नर्स हुंदके देत होती.

"किल्ली ऑपरेशननंतर," ती डोळे पुसत म्हणाली. "इथे बसायची वेळ अजून संपली नाही, बाबा. बोलत राहा."