शेणातल्या शेवया

"सर, म्हशीच्या शेणातून शेवया उगवतात का?"

नूतनने विचारलं आणि नववीचा सगळा वर्ग बाकं बडवत हसला. पैज तबस्सुमची होती. काल ती नूतनच्या घरी आली, मागच्या उकिरड्याशी गेली आणि ओकारी दाबत परत आली. "तुह्या त्या पिवळ्या शेवयांपाई माह्या ईदच्या शेवया खावत नाई आता! उद्या ते पाहुणे सर येऊन राह्यले. त्यायले विचारून दाखव, नाई तर तू भित्री." तालुक्याचा वक्तृत्वाचा कप आणल्यापासून नूतनला भित्री म्हणायची कुणाची टाप नव्हती. तिने उठून विचारलं तेही खणखणीत आवाजातच.

चारापिकांवर बोलायला आलेले धनराज सर मात्र हसले नाहीत. "पिवळ्याच ना? पान नाई, मूळ नाई?"

"हो सर. उकिरड्यावरच्या तरोट्याच्या झुडपांवर पसरल्या आहेत. लिबलिबीत. आमच्या लसूणघासावरही तेच."

"मग घासावरच्या उपटून टाकता कुठी?"

"म्हशीपुढं. बाबा म्हणतात, फुकट काऊन घालवायचं?"

सरांनी कपाळाला हात लावला. "अमरवेल हाय ते, पोरी. घासाचा रस पिते. तिचं बी म्हशीच्या पोटातूनही जित्तं निघते. ते शेणखत तुम्ही परत वावरात टाकता. म्हणजे आपल्या हातानंच पेरून राह्यले." मग त्यांनी एक युक्ती सांगितली : बी मखमलीवर ओतायचं. घासाचं गुळगुळीत बी घसरून जातं, अमरवेलीचं खरखरीत बी कापडाला धरून बसतं.

वर्ग पुन्हा हसला, पण नूतनला घरचं पोतं आठवलं. त्यात त्याच घासाचं बी भरून ठेवलं होतं. उद्या गिरजाबाई ते न्यायला येणार होत्या. त्यांच्या बचत गटातल्या अकरा बायांनी नव्या शेळ्या घेतल्या होत्या आणि अकराही जणी या दिवाळीला नूतनच्या बाबांच्या, प्रफुलभाऊंच्या बियाण्यानं लसूणघास पेरणार होत्या.

घरी येताच तिने दप्तर फेकलं आणि आईचा जांभळा मखमली झंपर पेटीतून ओढला.

"अवं, लग्नातला हाय तो!" आई ओरडली.

नूतनने झंपर सुपावर ताणला, मूठभर बी ओतलं, सूप तिरपं केलं. पिवळं बी सुळकन खाली आलं. कापडावर मात्र करडे ठिपके राहिले. गोचिडाच्या पिल्लांसारखे. तिने झटकलं, तरी हलेनात. हीच घाण म्हशीच्या आतड्यातून फिरून आली, आपण हाताने वावरात कालवली, वर पोत्यात भरून तोंड शिवलं! तिने हात दोनदा राखेने घासले, तरी बोटांवरून काहीतरी सरपटतंय असं वाटत राहिलं.

बाबांनी झंपर उजेडात धरला. नखाने एक ठिपका खरवडून पाहिला.

"चाळून देऊ," ते म्हणाले.

"दोन्ही बी एकाच मापाचं हाय, बाबा. चाळणीतून संगच पडते. पाहा तुम्हीच."

बाबांनी चाळून पाहिलं. खालच्या बियांतही करडे ठिपके होतेच. त्यांनी चाळणी बाजूला टाकली. "गिरजाबाईले शब्द देला मी. गावात सारे म्हणतात, घास पाहाचा त प्रफुलचा. आता काय तोंड दाखवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् आपण बोललोच नाई, त कोणाले कळते? उगवल्यावर म्हणतील, त्यायच्याच वावरातलं होतं."

आईने मान फिरवली. कालचा उकिरडा, त्या लिबलिबीत तारा, हे ठिपके, या सगळ्यांनी आली नव्हती एवढी शिसारी नूतनला बाबांच्या या एका वाक्याने आली. आणि ते वाक्य बोलणारा माणूस तिचा बाप होता, कप आणला त्या दिवशी तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर नाचणारा.

तिने झंपराची घडी घातली, ठिपके आत ठेवून.

"बाबा, आई, ऐका. सकाळी गिरजाबाई इथी यायच्या आधी मी तिथी जाईन. हा झंपर घेऊन. अकरा बायांसमोर बी ओतून दाखवीन अन् सांगीन, हे आमच्या घरचं हाय, घेऊ नका. पोतं चुलीत जाईल. म्हशीपुढं ते पिवळं आता एक तारही पडणार नाई. अन् रविवारी घासाचा पट्टा जाळाचा. तुम्ही आले त तुमच्यासंग जाळीन, नाई आले त तबस्सुमसंग. पण जाळीनच."