गट सात

नॅपकिनच्या कडेचा एक धागा सुटला होता, आणि अक्षता तो नखानं ओढत होती – ओढेल तसा तो येतच राहिला, शिवण उसवतेय हे दिसत असूनही बोट थांबेना. मऊ, पांढरा, नमुन्याचा नॅपकिन. सकाळी तिनंच खालच्या पॅकिंगमधून मागवून घेतला होता. लोक हा डझनानं का नेतात, ते हातात धरल्याशिवाय कळणार नाही असं वाटलं म्हणून.

समोरच्या पडद्यावर चारशे बारा नावं होती. गट सात.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या या टॉवेल-चादरीच्या कारखान्याची अकरा दुकानं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येकाची बिलं त्या त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये पडून असायची. मग सोमशेखर सरांनी, म्हणजे मालकांनी, क्लाउडवर जागा भाड्यानं घेतली. डेटा वेअरहाउस. हे गोदाम कुठल्या गावात आहे, त्याला दार आहे की नाही, कुणी पाहिलेलं नव्हतं. पण प्रत्येक गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर आणि त्यानं कधी काय नेलं, ते सगळं आता तिथं एकाखाली एक जाऊन बसत होतं, आणि अक्षता इथल्या खुर्चीत बसून त्याला प्रश्न विचारत होती. लग्नसराईत कुठल्या दुकानात किती माल भरायचा, दिवाळीला कुणाला कसला मेसेज पाठवायचा… उत्तरं बरोबर निघायची. म्हणून या महिन्यात तिनं त्याच्यावरच सोपवलं – गिऱ्हाइकांचे गट तूच पाड. त्यानं सात पाडले. सहांना तिनं चटचट नावं दिली: लग्नघरं, लॉजवाले, बाळंतिणी, असंच काहीबाही. सातव्याला नाव सुचेना.

या घरांत आधी मऊ नॅपकिन जात, डझनानं. पंधरा-वीस दिवसांनी एक पातळ चादर, एकेरी. मग तशीच आणखी एक. मग काहीच नाही… आणि तीन महिन्यांच्या आत, सण नसताना, मुहूर्त नसताना, एकगठ्ठा चाळीस-पन्नास टॉवेल. असं घडून गेलेली घरं शेकड्यांनी होती. ही चारशे बारा पहिल्या पायऱ्या चढलेली, शेवटची राहिलेली. घाऊक दराचा मेसेज त्यांना संध्याकाळी पाच वाजता आपोआप जाईल, असं तिनं सकाळीच लावून ठेवलं होतं.

नाव द्यायचं म्हणून, फक्त नाव द्यायचं म्हणून, तिनं जुन्या गिऱ्हाइकांतला एक नंबर फिरवला. माळशिरसच्या मथुराबाई.

“व्हय, घेतले की,” पलीकडून शांत आवाज आला. “चाळीस टॉवेल. आमच्या मालकांच्या तेराव्याला पाव्हण्यांना द्यायला.”

अक्षतानं काहीतरी पुटपुटलं.

“त्याआदी चादर नेलीवती तुमचीच. पातळ. जाड चादरीचं ओजं सोसंना त्यास्नी. हातापायाच्या काड्या झाल्यावत्या.” मग त्या म्हणाल्या, “तुमी कशाला इचारताय, बाई?”

“माल चांगला होता का, तेवढंच.”

“चांगला हाय की.”

दुसरा फोन करमाळ्याला, तिसरा केमला. दुसऱ्याकडे आई गेली होती, तिसऱ्याकडे थोरला भाऊ. चौथा नंबर तिनं फिरवला नाही.

मी काय विचारलं होतं? मी एवढंच विचारलं होतं की कोण काय विकत घेतं… आणि ते दार नसलेलं गोदाम शांतपणे म्हणालं, ही बघ, ही चारशे बारा घरं. यांच्यात एकेक माणूस चाललंय. त्याला मरण माहीत नव्हतं. नॅपकिन माहीत होते, चादरी माहीत होत्या, दोन बिलांमधले दिवस माहीत होते. तेवढ्यावर भागत होतं.

यादी ती खाली सरकवत गेली, नुसती, न वाचता – आणि एका जागी थांबली. नंबर आधी ओळखला, नाव मागून वाचलं. निंगप्पा. दुकान अक्कलकोट. नॅपकिन दोन डझन, महिन्यापूर्वी. पातळ चादर, एकेरी, बारा दिवसांपूर्वी. टॉवेलची शक्यता सत्याऐंशी टक्के.

अप्पांनी, तिच्या वडिलांनी, पातळ चादर घेतली होती. तीस वर्षं मागावर काढलेले, चादर अंगावर पडली की माणसाला कळली पाहिजे असं म्हणणारे अप्पा. दिवाळीत तिनं एक पातळ चादर नेली होती, तर म्हणाले होते, ही काय चादर झाली, ही तर धोतर. आणि ते स्वतः जाऊन, दुकानात उभे राहून, आपला नंबर सांगून… कुणासाठी? स्वतःसाठी की अव्वासाठी, आईसाठी? गेल्या महिन्यात ती गेली होती तेव्हा अव्वा जेवताना तिच्याबरोबर बसली नव्हती, नंतर जेवते म्हणाली होती. अप्पा दोनदा उठून मागच्या दाराला गेले होते. तेव्हा ते काहीच नव्हतं. आता प्रत्येक गोष्ट ओळीत येऊन बसत होती, एकाखाली एक.

चार वाजून गेल्यावर सोमशेखर सर डोकावले. “पाचला जातोय ना मेसेज?”

“सर, या घरांत कुणीतरी जायच्या वाटेवर आहे. टॉवेल तेराव्याला द्यायला लागतात.”

ते दारातच थांबले. मग आत येऊन समोरच्या खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. “आमचे आजोबा पेठेत दुकानावर बसायचे,” ते म्हणाले. “गावात कोण अंथरुणाला खिळलंय, त्यांना ठाऊक असायचं. तसा माल भरून ठेवायचे. दुकानदाराला कळतंच गं.”

“पण ते त्या घरी सांगायला जायचे नाहीत ना, सर?”

त्यांनी खुर्ची मागं सरकवली. “तसं काही लिहू नकोस. ‘घरच्या कार्यासाठी’ एवढंच लिही. कार्य कसलंही असतं.” आणि उठून गेले. तिनं मेसेजात तेवढेच शब्द घातले.

तिनं घरी फोन लावला. बऱ्याच रिंग गेल्यावर अव्वानं उचलला.

“आत्ता कसा फोन केलीस गं? जेवलीस काय?”

“जेवले. अप्पा कुठायत?”

“झोपलेत.”

“दुपारचे?”

“ऊन लई हाय की.” मागं काहीतरी ठेवल्याचा आवाज, भांड्याचा असावा.

“अव्वा, नॅपकिन कशाला घेतलेत?”

फोन तुटला नव्हता. श्वास ऐकू येत होता, पण कुणाचा, जवळचा की त्या खोलीतला, ते कळेना.

“कोण सांगितलं तुला?”

“दुकानातनं कळलं.”

“मऊ हायेत म्हणून घेतलं,” अव्वा म्हणाली. मग अगदी हलक्या आवाजात, “रविवारी ये. आज येऊ नको.”

अक्षतानं फोन ठेवला आणि अप्पांची ओळ यादीतून काढली. चारशे अकरा. काढायला क्षणही लागला नाही. बाकीच्यांचं काय करायचं ते सुचेना – सगळं थांबवावं तर सरांना काय सांगायचं, एकेक काढत बसावं तर कुणापासून सुरुवात करायची, काढण्यासारखं त्या नावांत काय होतं, ती तर फक्त नावं… बघू, तिनं मनाशी म्हटलं, पाच वाजायला वेळ आहे. आणि पर्स उचलून बाहेर पडली.

अक्कलकोटची एसटी लगेच मिळाली, बसायला खिडकी मिळाली. माग चालल्याचा आवाज मागं मागं पडत गेला, आणि तो पुरता थांबल्यावर तिला आठवलं म्हणून तिनं घड्याळ पाहिलं. पाच वाजून चार मिनिटं. म्हणजे गेला. कुठल्यातरी माजघरात, उशाशी ठेवलेला फोन नुकताच थरथरला असेल. कुणी हात पुसत उठलं असेल, वाचलं असेल. घरच्या कार्यासाठी. चारशे अकरा ठिकाणी, एकाच क्षणी. फक्त एका घरात शांतता, आणि ती मी ठेवली – फक्त माझ्या.

तिनं डोळे मिटले. अप्पांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, मग अव्वाचा. दोन्ही येत होते, पण लगेच बाजूला होत होते, कुणीतरी घाईत असल्यासारखे; त्यांच्यामागून दुसरेच येत होते – चडचणचे मामा, त्यांची तीन मुलं, अक्कम्मा मावशीकडचे, सोलापूरचे चुलते, गल्लीतले चौघे जे न बोलावता येतील, मठातले… ते सगळे ओळीनं येऊन अंगणात बसत होते, मान खाली घालून, आणि ती त्यांच्यामधून फिरत होती. कुणासाठी जमलेत, ते अजून ठरलेलं नव्हतं. घरात दोघंही जिवंत होती. एक झोपलं होतं, एक फोनवर बोललं होतं.

साठ, असं तिच्या मनात आलं. साठ टॉवेल पुरतील.

तिनं डोळे उघडले. कंडक्टर तिकीट विचारत समोर उभा होता, आणि कुठं जायचं ते तिला सांगता येईना.