लाल झाकणाची बाटली

बातमी आली तेव्हा लिफ्टवाला एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. लिफ्ट वर रोखून ठेवलेली, आणि तो खाली वाकून ग्रीस लावत होता. फोन वर पिशवीत होता. त्याच्या जोडीदाराने खड्ड्याच्या कडेला बसून आत डोकं घातलं.

"वर ये."

"एवढं उरकतो."

"आधी वर ये, दादा."

या जोडीदाराने त्याला जन्मात कधी दादा म्हटलं नव्हतं. उठता-बसता शिव्या घालणारा माणूस. लिफ्टवाल्याने ग्रीसचा डबा तिथेच ठेवला. शिडी चढता चढता लेक, जावई, म्हातारी बहीण, सगळे डोळ्यांसमोरून गेले. बायको त्यात नव्हतीच. घरात हृदयाची धास्ती होती ती त्याच्या हृदयाची. कोलेस्टेरॉल त्याचं वाढलेलं, गोळ्या त्याच्या, पथ्य त्याचं. बायको तर काडी. डॉक्टरीणबाई तिला उलट सांगायच्या, जरा अंगाला काही लागू द्या. ती लॉन्ड्रीत इस्त्री करता करता खाली बसली आणि उठलीच नाही.

पत्ता चुकला, असं तो त्या दिवसापासून मनात म्हणायचा. माझ्याकडे यायचं ते तिच्याकडे गेलं.

त्यांच्या घरी दोन बाटल्या दूध यायचं. निळ्या झाकणाचं साय काढलेलं, त्याच्या ओट्सच्या लापशीसाठी आणि चहाला. लाल झाकणाचं साईचं, ते तिचं. दूधवाला पहाटे अंधारात येऊन जायचा. त्याचं तोंडही कुणी कधी नीट पाहिलं नव्हतं. रीत अशी की संध्याकाळी दाराबाहेरच्या जाळीत ज्या झाकणाच्या रिकाम्या बाटल्या ठेवाल, त्याच झाकणाच्या भरलेल्या सकाळी मिळायच्या. बोलायचं कामच नाही.

पाहुणे पांगले त्या संध्याकाळी लिफ्टवाल्याने दोन्ही बाटल्या विसळून जाळीत ठेवल्या. हाताची सवय, दुसरं काही नाही. सकाळी दोन्ही भरून आल्या. आता लाल झाकणाच्या दुधाचं करायचं काय? मोरीत ओतायला हात धजेना. त्याने ते लापशीत घातलं. लापशी दाट झाली, घशाखाली सहज उतरली. संध्याकाळी बाटली रिकामी होती, म्हणून ती पुन्हा जाळीत गेली.

मग ते तसंच चालू राहिलं. आता ती नुसती सवय नव्हती, हे त्यालाही कळत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून लॉन्ड्रीच्या मालकिणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की ती गेली. सगळे त्याच्याशी आवाज खाली करून बोलायचे. एकट्या दूधवाल्याला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी या घरात अजून दोन माणसं राहत होती.

पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं.

"लापशी खाताय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज."

"दूध कुठलं घालता?"

"पातळच." शेजारी लेक बसली होती. लिफ्टवाल्याने नजर टेबलावरून हलवली नाही.

"बघा हं. ओट्स चांगलेच, पण त्यात साईचं दूध ओतलंत तर केलेलं सगळं पाण्यात. आणि छातीत जड वाटलं तर अंगावर काढू नका."

बाहेर पडताच लेकीने बजावलं, "बाबा, पुढच्या खेपेला खाली आलं नाही तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे. हो-नाही काही ऐकणार नाही."

लेकीचं घर चांगलं होतं, जावई भला होता. पण तिथे तो पाहुणा असणार. पाण्याचा पेला कुठे ठेवायचा हेही विचारून. इथे त्याचं काम होतं, दारामागे बायकोचा स्वेटर होता, ओट्याच्या टोकाला तिची घरची इस्त्री होती. त्याने मान डोलावली. घरी येऊन त्याने दोन्ही बाटल्या विसळल्या आणि जाळीत ठेवल्या.

मधल्या काळात एकदा चार मजले चढून लिफ्टच्या मशीनच्या खोलीत गेला तेव्हा छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं झालं. जोडीदाराने विचारलं, "काय रे, म्हातारा झालास?" तो म्हणाला, "तुझं तोंड बघून दम लागतो." मग पायरीवर बसून राहिला, घाम पुसत. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. रात्री अंथरुणावर मात्र कानोसा घेत पडायचा, छाती काय म्हणते म्हणून.

पुन्हा रक्त दिलं. अहवाल ज्या दिवशी येणार होता त्या दिवशी लेक दुपारी यायची होती. ती सकाळीच आली.

बेल वाजली तेव्हा तो गॅसपाशी होता. पातेल्यात लापशी रटरटत होती आणि हातात लाल झाकणाची बाटली, अर्धी ओतून झालेली.

"बाबा, उघडा! मी आहे."

इकडे तिकडे बघून त्याने बाटली मोरीखाली, फिनेलच्या मागे सरकवली आणि दार उघडलं.

"एवढ्या लवकर?"

"पहिली गाडी मिळाली. छान, लापशी होतेय वाटतं. तुम्ही बसा, मी ढवळते."

"राहू दे गं, मी करतो."

"बसा म्हणते ना."

तो बसला. ती ढवळत राहिली. एका हाताने तिने फोन काढला, बघितला आणि तिचा चमचा थांबला.

"आला अहवाल?" त्याने विचारलं.

तिने फोन ठेवला आणि ओट्यावरून काहीतरी उचललं. लाल झाकण. घाईत ते तिथेच राहिलं होतं.

"वाढलंय अजून," ती म्हणाली. "हे कुणाचं?"

तिने फ्रिज उघडला. आत निळी बाटली. मग तिने खाली वाकून पाहिलं, आईच्या घरातल्या लपवायच्या जागा तिला पाठ होत्या, आणि बाटली बाहेर काढली.

"फिनेलजवळ? लहान पोर तरी बरं लपवतं." तिचा आवाज चढला. "डॉक्टरांसमोर खोटं बोललात. मला रोज फोनवर खोटं सांगितलंत. तुम्हाला आईच्या मागे जायचंय का? तसं असेल तर सरळ सांगा, मी मनाची तयारी करते. पुन्हा असा अचानक फोन मला नको आहे!"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

ती बाटली घेऊन मोरीकडे वळली आणि तो ताडकन उठला. त्याने तिचं मनगट धरलं, जोरात. दुधाचे थेंब दोघांच्या हातावर सांडले.

"ओतू नकोस."

"सोडा, बाबा. दुखतंय."

त्याने सोडलं. लिफ्टच्या तारा ओढणारा हात त्याचा, तिचं मनगट लाल झालं होतं. ते बघून तो मटकन खाली बसला.

"ही रिकामी झाली नाही तर जाळीत ठेवता येत नाही," तो म्हणाला. "जाळीत नाही ठेवली तर उद्या येणार नाही. आणि मग त्याला कळेल."

"कुणाला?"

"दूधवाल्याला. त्याला माहीत नाही अजून."

पातेल्यात लापशी तळाला लागत होती. तिने गॅस बंद केला.

"म्हणून तुम्ही आईचं दूध संपवताय."

"वाया कसं घालवायचं? तिला चाललं असतं का?"

"आणि तुम्ही वाया गेलात तर ते चाललं असतं तिला?"

लेकीने पेला घेतला, उरलेलं दूध त्यात ओतलं आणि उभ्या उभ्या घटाघट पिऊन टाकलं. वरच्या ओठावर पांढरी मिशी आली.

"काय बघताय? मीही काडीच आहे." तिने तोंड पुसलं. "माझं काही बिघडत नाही."

तो हसला, मग त्याने तोंड फिरवलं.

पातेल्यातली लापशीही तीच खायला बसली. त्याच्यासाठी तिने निळ्या बाटलीतल्या दुधाची वेगळी टाकली.

"पातळ दुधाची खळ होते," तो कुरकुरला. "तिच्या हातची नव्हती होत."

"आई ओट्स आदल्या संध्याकाळी भिजत घालायची. पाण्यात. मग मंद आचेवर, सफरचंद किसून. तुम्ही कधी बघितलंत का? तुम्ही आंघोळीहून आलात की वाटी समोर."

त्याने कधी बघितलं नव्हतं.

तिने गाडीची वेळ पाहिली. "मी कुलूप लावायला आले होते, खरं सांगते. अजून एका तपासणीपर्यंत मुदत देते तुम्हाला. छातीत काही होतं का?"

मग त्याने मशीनच्या खोलीतलं सगळं सांगितलं. गाडी तिने सोडून दिली आणि त्याच दुपारी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी छातीचा आलेख काढला, गोळी बदलली, जिने चढणं बंद केलं आणि दोघांनाही खरमरीत सुनावलं.

संध्याकाळी लेक गेली. लिफ्टवाल्याने ओट्स भिजत घातले. दोन्ही बाटल्या विसळल्या. निळ्या झाकणाची जाळीत ठेवून आला. लाल झाकणाची हातात घेऊन उंबऱ्यात बराच वेळ उभा राहिला, परत आत आला आणि ती ओट्याच्या टोकाला, इस्त्रीशेजारी पालथी घातली.

सकाळी एकच बाटली आली. दूधवाल्याने काही विचारलं नाही.

तपासणी अजून व्हायची आहे. लाल झाकणाची बाटली परत द्यायची राहिली आहे.