थांबलेली बोटं

अंधशाळा संपली की काली शहरातल्या मुलींपुढे वाटा थोड्याच असत. टेलिफोनवर बसायचं, नाहीतर झाडू बांधायचे. यिसेलाने तिसरीच धरली होती: बोटांनी चाचपून बायकांच्या छातीतली गाठ शोधायची. तोंडओळखीचे वर्ग संपले होते. आजच्या परीक्षेत निभावलं, तरच पुढचं शिक्षण.

तिच्या आईला, मर्लेनीला, ते पटलेलं नव्हतं. "झाडूवाल्यांनी जागा धरून ठेवलीय तुझी. माझ्या फळगाडीसमोरच."

"म्हणजे दिवसभर तुझा पहारा! नापास झाले तर बांधीन हो. पहिला झाडू तुझ्याच पाठीत घालीन."

तपासून घ्यायला येणारी शेजारीण आयत्या वेळी फिरली, म्हणून खाटेवर मर्लेनीलाच आडवं व्हावं लागलं.

"तुम्ही नुसतं पडून राहायचं, मर्लेनीबाई," परीक्षा घेणाऱ्या डॉक्टर कासेरेसबाई म्हणाल्या.

यिसेलाने आईच्या छातीवर उठावाच्या खुणा असलेल्या चिकटपट्ट्या लावल्या. मग दोन पट्ट्यांमधल्या वाटेने बोटं निघाली. आधी हलकी, मग जड, मग खोल; की तसूभर पुढे. मर्लेनीला वाटलं होतं गुदगुल्या होतील. पण हा स्पर्श लेकीचा नव्हताच. आपल्याला कुणी इतक्या सावकाश, इतक्या लक्षपूर्वक कधी पाहिलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं.

आणि बोटं अडली. पोर वाट चुकली! रस्त्यात दरवेळी करायची तेच मर्लेनीने केलं: मनगट धरून हात पुढे ओढला.

"आई!"

"अगं, अडलीस म्हणून..."

"अडले नव्हते. थांबले होते."

"पुन्हा पहिल्यापासून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि आता हात लावलात, तर परीक्षा रद्द."

मर्लेनीने दोन्ही हात पाठीखाली दाबून ठेवले. बोटं परत पहिल्या वाटेवरून निघाली. घाई नाही, राग नाही. कळणार नाही इतक्या हळू ती सरकत आली आणि नेमकी तिथेच थांबली. यिसेलाची मान किंचित कलली होती. जन्मापासून पाहिलेला तो चेहरा मर्लेनीला अनोळखी वाटला, देवळात नकळत आवाज खाली जातो तसा तिचा श्वास खाली गेला. पाठीखालचे हात वळवळले. तिने ते हलू दिले नाहीत.

"इथे काहीतरी आहे," यिसेला म्हणाली. "मसुराएवढं. मऊ आहे, बोटाखालून सरकतं."

डॉक्टरबाईंनी तिथे हात ठेवला. "आहे खरं. भिण्यासारखं वाटत नाही, तरी सोनोग्राफी करून घेऊ. यिसेला, पुढच्या वर्गासाठी कोटाचं माप देऊन जा."

पडद्याआड मर्लेनी झग्याची बटणं लावू लागली. मधेच थांबून तिने त्या जागी स्वतःचं बोट ठेवलं. दाबलं. जरा बाजूला, पुन्हा दाबलं. काहीच लागेना. पलीकडे यिसेला बाह्या आखूड ठेवा म्हणून हुज्जत घालत होती, आणि मर्लेनी तशीच उभी होती, बटणं उघडी, बोट छातीवर.