पुस्तकात न आलेलं

“हे पुस्तक या महिन्यापुरतं राहू द्या ना, पाळकसाहेब,” पुस्तकवाल्या बाई म्हणाल्या आणि बोलता बोलता त्यांनी त्या पुस्तकाच्या गठ्ठ्यावर दुसराच गठ्ठा ठेवून दिला. “स्वयंपाक करता करता करायच्या प्रार्थना आहेत, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांसाठी एक आहे, नोकरीत खरं कसं बोलावं तेही आहे. एवढी नवी पुस्तकं पुरे झाली की.”

“राहू द्या कसं? लेखक स्वतः येताहेत रविवारी,” पाळक म्हणाले. “उपासनेनंतर दोन शब्द बोलतील, सह्या देतील. तुम्ही नेहमीसारखी ओळख करून द्या. तुम्ही ‘घ्या’ म्हटलं की मंडळी घेतात.”

बाईंनी काउंटर पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

चर्चच्या फाटकाशेजारचं ते एका खोलीचं दुकान बाई कितीतरी वर्षं सांभाळत होत्या. दर महिन्याला उपासना संपली की त्या पुढे येऊन नव्या पुस्तकांबद्दल सांगत. न वाचलेलं पुस्तक त्या कुणाच्या गळ्यात मारत नसत. संयमावरच्या एका जाडजूड ग्रंथाबद्दल त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, “हे वाचायलाच फार संयम लागतो.” तेव्हा पाळकांसकट सगळे हसले होते आणि त्या ग्रंथाची एकही प्रत खपली नव्हती.

हे नवं पुस्तक मात्र त्यांनी एका बैठकीत वाचून काढलं होतं आणि मग ती प्रत काउंटरखाली सरकवून ठेवली होती. लेखक निवृत्त हेडमास्तर. त्यांचा एकुलता एक मुलगा पहाटे सायकलवरून कॉलेजला निघाला आणि ट्रकखाली गेला. त्यानंतरचे दिवस कसे काढले, रिकाम्या खुर्चीसमोर जेवायला कसं बसलो, दुसऱ्यांच्या मुलांना पुन्हा शिकवायला कसा गेलो आणि त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात क्षमा करायला किती वर्षं लागली, हे त्यांनी साध्या भाषेत लिहिलं होतं. तिसऱ्या प्रकरणात रस्त्याचं ते वळण आलं, सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला ट्रक आला आणि बाईंनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तो ट्रक त्यांचा नवरा चालवत होता.

खटला झाला, शिक्षा भोगून झाली, मग दोघांनी गाव सोडलं. इथे आल्यावर त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. चर्चची बाकं दुरुस्त करायची, दिवे बदलायचे, फाटकाला तेल द्यायचं, हेच त्याचं काम. पूर्वी काय करत होतास, असं कुणीतरी विचारलं तेव्हा तो खरं बोलून गेला, म्हणून सगळे त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणत. पुढचं कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी बाईंनी त्याची पिशवी भरून दाराशी ठेवली. “तुमच्या ताईला बरं नाहीये. आजच जा. सोमवारी या सावकाश.”

“ताईला काय झालंय?” ड्रायव्हर म्हणाला. “सकाळी तर फोनवर खदाखदा हसत होती.”

त्याने उशीखालून पुस्तक काढलं आणि दोघांच्या मध्ये पलंगावर ठेवलं.

“काउंटरची फळी ठोकायला वाकलो होतो, तेव्हा सापडलं. वाचलं सगळं.”

“मग झालं तर,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “त्यांनी क्षमा केलीय. छापून आलंय. आता देवाचे आभार माना आणि गप्प राहा.”

“क्षमेचं नाही गं.” त्याने पान उघडलं. अक्षरावर बोट ठेवून, शाळेतल्या मुलासारखं एकेक शब्द सुटा करत वाचलं. ड्रायव्हर पळून गेला, माझा मुलगा रस्त्यावर एकटाच गेला, शेवटच्या घटकेला त्याच्याजवळ कुणी नव्हतं. त्याची आई या एका विचाराने झोपेतून उठून बसायची, मरेपर्यंत.

“मरेपर्यंत,” तो पुन्हा म्हणाला. “ती माऊली गेली आणि मी इथे बाकांचे खिळे ठोकत बसलो.”

बाईंना खरं काय ते ठाऊक होतं. इतक्या वर्षांत एकदाच, फक्त एकदा, त्याने सांगितलं होतं. पोराचा श्वास थांबेपर्यंत तो त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता. मग कुणाला तरी बोलवायला वळणापलीकडे धावत गेला. तेवढ्यात लोक जमले. त्यांना दिसलं ते एवढंच, की पोरगा एकटा पडलाय आणि ड्रायव्हर पळतोय. वकील म्हणाले, विचारतील तेवढंच बोल. तो तेवढंच बोलला.

“सांगितलंत तर तुम्हाला वाटतं ते विश्वास ठेवतील?” बाई म्हणाल्या. “म्हणतील, सुटायला गोष्ट रचली. आणि सगळ्या मंडळीला कळेल. उद्या लोक तुमच्याशी हात मिळवतील का? दुकानाची किल्ली माझ्याकडे ठेवतील का? आपण म्हातारपणी कुठे जायचं?”

“नाही माहीत.”

“मग कशाला?”

“अगं, त्यांच्याच मुलाचं आहे ते. माझ्याकडे राहून गेलंय.”

रात्रभर दोघं पाठीला पाठ लावून जागी होती. पिशवी दाराशी तशीच राहिली.

रविवारी उपासनेनंतर बाई पुढे उभ्या राहिल्या. प्रार्थनांच्या पुस्तकाबद्दल बोलताना त्यांनी लेखिकेचं नाव चुकवलं. सेवेबद्दलचं पुस्तक उलटं धरलं. मग शेवटचं पुस्तक हातात घेतलं. पहिल्या बाकावर हेडमास्तर बसले होते, ताठ, काठी गुडघ्यांमध्ये धरून. शेवटच्या बाकावर बाईंचा नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून.

एवढंच म्हटलं असतं, की ठीक आहे, वाचलं नाही तरी चालेल, तर रांग लागली नसती. जीभ तिथवर आलीही.

“हे मी दोनदा वाचलं,” बाई म्हणाल्या. “लिहिणाऱ्याने स्वतःला कुठे सूट दिलेली नाही. घ्या.”

रांग लागली. हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. बाई शेजारी बसून एकेक पुस्तक उघडून पुढे सरकवत होत्या आणि रांगेच्या शेवटी असलेला तो शर्ट पुढे पुढे येताना बघत होत्या. लोक हेडमास्तरांचा हात हातात घेत, कुणी डोळे पुसत. रांग संपली. पाळक फाटकाशी निरोप द्यायला गेले.

“कुणाच्या नावाने लिहू?” हेडमास्तरांनी मान वर न करता विचारलं.

ड्रायव्हरने आपलं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, कोर्टात पुकारायचे तसं.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. हेडमास्तरांनी वर पाहिलं. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

“कशाला आलात?” ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. “क्षमा केलीय म्हणून लिहिलंय, ते ऐकायला?”

“नाही, सर.”

“मग ऐकून ठेवा. लिहिलं ते खोटं नाही. पण लिहून झाल्यावरही कधीकधी सकाळी उठतो तेव्हा तुमचा राग आलेला असतो.”

“येऊ दे, सर. माझा डोळा लागला होता. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. त्यात काही बदलत नाही.” ड्रायव्हरने खाली बघितलं, मग परत वर. “पण तो एकटा नव्हता. मी होतो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो गेल्यावर मी माणसं बोलवायला पळालो.”

हेडमास्तरांचा चेहरा कठीण झाला. “हे तेव्हा का नाही सांगितलंत? आज पुस्तक आलं, लोक रडले, आणि आज तुम्हाला आठवलं?”

बाईंना वाटलं, संपलं. नवऱ्याचा हात धरून निघावं.

“तेव्हा भ्यायलो,” ड्रायव्हर म्हणाला. “नंतर वाटलं, कुठल्या तोंडाने जाऊ. त्याच्या आईंचं वाचलं, मग राहवेना.” तो टेबलाजवळ एक पाऊल सरकला. “तो बोलला होता, सर. पाणी नव्हतं माझ्याकडे, ते मागितलं नाही त्याने. विचारलं, सायकल फार मोडली का? म्हणाला, बाबांनी कालच रंगवून दिलीय.”

पेनाचं टोपण शोधायला हेडमास्तरांचा हात टेबलावर फिरत राहिला. टोपण समोरच होतं.

“हिरवी,” ते म्हणाले. “माझी जुनी सायकल होती. त्याला लाजायला होऊ नये म्हणून मीच रंगवली अंगणात. हे मी कुठेच लिहिलेलं नाही.”

“हो, हिरवी. माझ्या हाताला लागला होता रंग. ओला होता अजून थोडा.”

फाटकाशी पाळक कुणाशी तरी हसून बोलत होते. बाईंना तो आवाज फार लांबून येतोय असं वाटलं. हेडमास्तरांनी शेजारची खुर्ची काठीने थोडी मागे ढकलली. ड्रायव्हर क्षणभर उभाच राहिला, मग खुर्चीच्या कडेला टेकला.

“तुम्ही काय म्हणालात त्याला?” हेडमास्तरांनी विचारलं.

“म्हटलं, नाही मोडली. चांगली आहे.”

हेडमास्तरांनी मान हलवली. दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला आणि तसेच बसून राहिले. कुणी त्यांना हात लावला नाही. मग त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि कानामागे हात धरून ते ड्रायव्हरकडे वाकले.

“सुरुवातीपासून सांगा,” ते म्हणाले. “सावकाश. काही गाळू नका.”

डोक्यावरचा पंखा खडखडत होता. बाई उठल्या आणि त्यांनी तो बंद केला.